लॅपटॉपचे वय आणि ड्रायव्हरचे आयुष्य

लेखापालनाच्या दृष्टीने लॅपटॉपचे आयुष्य तीन वर्षांचे असते. कंपनी कायदा, २०१३ मधील दुसऱ्या अनुसूचीने डेस्कटॉप, लॅपटॉप यांसारख्या साधनांचे उपयुक्त आयुष्य तेवढेच धरले आहे. सर्व्हरला मात्र सहा वर्षे दिली आहेत. घरगुती हिशेब निराळा असतो. मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी घेतलेला लॅपटॉप, मुलगा नोकरीला लागल्यावर वडिलांकडे येतो, तेथून धाकट्या भावंडाकडे जातो आणि दहा-बारा वर्षांनंतरही त्यावर वीजबिल भरणे, खात्याचा उतारा पाहणे, एखादा अर्ज टंकलिखित करणे अशी कामे सुखाने चालू असतात. तमिळनाडू सरकारने २०११ पासून आणि उत्तर प्रदेश सरकारने २०१३ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले. त्या काळात घरी आलेले यंत्र आज वयाने बारा-चौदा वर्षांचे झाले आहे.

अशा यंत्रांच्या मालकांना गेल्या काही वर्षांत एकच वाक्य वारंवार ऐकावे लागते : ‘ग्राफिक्स जुने झाले, आता नवा घ्या.’ दुरुस्तीच्या दुकानात ते सहज उच्चारले जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबविल्यापासून तर त्याला अधिकच वजन आले आहे. वास्तविक या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. चित्र रंगविणारी चिप खरोखरच निकामी झाली, हा एक प्रकार. चिप धडधाकट आहे, पण तिला चालविणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर उपलब्ध नाही किंवा बिघडला आहे, हा दुसरा. आणि चिप व ड्रायव्हर दोन्ही ठीक असून ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत संपली, हा तिसरा. पहिल्यात मोठा खर्च येतो, दुसऱ्यात बहुधा एका संध्याकाळचे काम असते आणि तिसऱ्यात ग्राफिक्सचा दोषच नसतो. चाळीस-पन्नास हजार रुपयांचा निर्णय या तीनपैकी नेमके काय घडले आहे यावर अवलंबून असेल, तर ते आधी समजून घेणे योग्य ठरेल.

दुभाषी आणि दालन

बँकेच्या एखाद्या अधिकाऱ्याची केरळातून विदर्भातील ग्रामीण शाखेत बदली झाली, अशी कल्पना करावी. अधिकारी कामात निष्णात आहे, समोरच्या शेतकऱ्याचीही गरज खरी आहे. परंतु दोघांमध्ये दुभाषी नसेल तर व्यवहार खुणांवर चालेल. ग्राफिक्स चिप आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांचे नाते असेच आहे. विंडोज म्हणते, ‘येथे खिडकी उघडा, येथे अक्षर काढा, ही चित्रफीत उलगडा.’ प्रत्येक कंपनीच्या, इतकेच नव्हे तर एकाच कंपनीच्या प्रत्येक पिढीच्या चिपची भाषा निराळी असते. ड्रायव्हर हा तो दुभाषी. तो नसला तरी विंडोज अगदीच मुके होत नाही. सर्व चिपना समजेल अशा प्राथमिक खुणांच्या भाषेत ते काम चालविते. विंडोज ८ पासून या खुणांच्या भाषेला ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव आहे.

ही अवस्था ओळखणे कठीण नाही. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्यावर १०२४ गुणिले ७६८ चे चित्र ताणून बसविलेले दिसते, त्यामुळे अक्षरे आडवी फुगतात. पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय नाहीशी होते. प्रोजेक्टर किंवा दुसरा पडदा जोडला तर काहीच उमटत नाही. चित्रफीत अडखळते आणि पंखा घोंघावू लागतो, कारण चिपचे काम आता मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावर आलेले असते. नव्याने विंडोज चढवून आणलेल्या कित्येक लॅपटॉपांचे ‘ग्राफिक्स गेले’ असे जे निदान होते, ते प्रत्यक्षात एवढेच असते.

चिप स्वतः गेली आहे की काय, हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे आणि ती दुकानात जाण्यापूर्वी घरीच करता येते. लॅपटॉप सुरू करताच विंडोज येण्यापूर्वी निर्मात्याचे चिन्ह किंवा बायोसचा पडदा दिसतो. त्या क्षणीच रेघा, ठिपके वा विचित्र रंग दिसत असतील तर दोष यंत्रात आहे, कारण तोवर ड्रायव्हर कामाला लागलेलाच नसतो. तो पडदा स्वच्छ असून विंडोज आल्यावर गडबड होत असेल तर संशय प्रथम ड्रायव्हरवर घ्यावा. यंत्रातच दोष आढळला तर दुसरा पडदा जोडून पाहावा. दुसऱ्या पडद्यावरही त्याच रेघा उमटल्या तर चिप किंवा तिची स्मृती बिघडली आहे. तेथे चित्र निर्मळ असेल तर लॅपटॉपचा पडदा किंवा बिजागरीतून जाणारी केबल सदोष आहे, आणि केबलचा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने किरकोळ असतो.

चिप दोन प्रकारे बसविलेली असते. बहुसंख्य लॅपटॉपांत ती प्रोसेसरच्या कुशीतच असते (जुन्या यंत्रांत शेजारच्या चिपसेटमध्ये) आणि तिला स्वतःची स्मृती नसते. मुख्य रॅममधूनच ती आपला वाटा घेते. काही महागड्या यंत्रांत एनव्हिडिया किंवा एएमडी कंपनीची स्वतंत्र चिप असते, तिची स्मृतीही स्वतंत्र असते. पहिल्या प्रकाराबाबत एक उपयुक्त गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अशा चिपचा वेग रॅमच्या वहनक्षमतेवर फार अवलंबून असतो. डीडीआर३-१६०० जातीची एकच पट्टी असेल तर सेकंदाला १२.८ गिगाबाइट एवढी कमाल वाहतूक होऊ शकते; तशाच दोन पट्ट्या जोडीने बसविल्या तर ती २५.६ पर्यंत जाते. एक रिकामी खाच असलेल्या लॅपटॉपात दुसरी पट्टी बसविल्याने स्मृतीबरोबर चित्राचा वेगही वाढतो तो यामुळे. अर्थात, एकंदर संथपणाची तक्रार असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही, आणि त्याचा ग्राफिक्सशी काहीही संबंध नाही.

एका स्टिकरची कथा

ड्रायव्हरच्या अभावी नवेकोरे यंत्रही कसे म्हातारे होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण विंडोज व्हिस्टाच्या काळातील आहे. ३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आले. त्यात मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हरची रचनाच बदलली होती. जुन्या रचनेत ग्राफिक्सचा ड्रायव्हर कोसळला की सारे यंत्रच निळ्या पडद्यावर जाऊन थांबे. नव्या रचनेत ड्रायव्हरचे दोन भाग केले गेले. दोन सेकंद चिपने प्रतिसाद दिला नाही तर विंडोज तिला परत उभी करते आणि काम पुढे चालू राहते. ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबविले होते व तो पूर्ववत झाला आहे’ या आशयाची सूचना अनेकांनी पाहिली असेल. ती या सुधारणेची देणगी.

सुधारणा चांगली होती, पण प्रत्येक चिपसाठी नवा ड्रायव्हर लिहिणे तिच्यामुळे भाग पडले. इंटेलच्या ९१५ मालिकेतील चिपसाठी असा ड्रायव्हर कधीच आला नाही. तरीही २००६ मध्ये, व्हिस्टा येण्यापूर्वी, ९१५ असलेल्या लॅपटॉपांवर ‘व्हिस्टासाठी सक्षम’ अशा आशयाचा स्टिकर लावण्यास परवानगी मिळाली, कारण मायक्रोसॉफ्टने त्यासाठीची अट सैल केली. ग्राहकांनी २००७ मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या न्यायालयात दावा लावला आणि कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार उघड झाला. इंटेलचे तिमाही आकडे सावरावेत म्हणून ही सवलत दिली गेली, असे एका अधिकाऱ्याने लिहून ठेवले होते. मायक्रोसॉफ्टच्याच एका उपाध्यक्षाने २,१०० डॉलरना घेतलेला आपला लॅपटॉप आता केवळ ई-मेलपुरता उरल्याची तक्रार केली होती. त्याच कागदपत्रांतून हेही दिसले की, २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या कोसळण्यांपैकी सुमारे २९ टक्के प्रसंगांचे मूळ एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांत होते. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयाने या दाव्याचा सामूहिक दर्जा काढून घेतला. ग्राहकांच्या पदरात फारसे काही पडले नाही. मात्र खोक्यावरील स्टिकर आणि आतील ड्रायव्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगजाहीर झाले.

दुसरे उदाहरण याहूनही अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात कंपनीही एकच आहे आणि वर्षही जवळजवळ एकच. २०११ मध्ये इंटेलने आपल्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांत एचडी ३००० ही ग्राफिक्स चिप दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस छोट्या, स्वस्त नेटबुकांसाठी अ‍ॅटम प्रोसेसरांत जीएमए ३६०० आली. पहिली इंटेलच्या स्वतःच्या घरची होती. दुसरीचा गाभा ब्रिटनमधील इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या पॉवरव्हीआर आराखड्यावरून घेतलेला होता. आराखडा परक्याचा असल्याने ड्रायव्हरवरही इंटेलची पूर्ण मालकी नव्हती. परिणाम असा झाला की, जीएमए ३६०० साठी विंडोज ७ चा केवळ ३२ बिटांचा ड्रायव्हर निघाला आणि गोष्ट तेथेच थांबली. लिनक्समध्ये या चिपचा पडदा उजळतो, पण त्रिमिती चित्रांचा वेग मिळत नाही. गुगलने २०२२ मध्ये जुन्या संगणकांसाठी क्रोम ओएस फ्लेक्स ही मोफत प्रणाली आणली, तेव्हाही जीएमए ५००, ६००, ३६०० आणि ३६५० या चिप अपेक्षित दर्जा गाठत नाहीत, असे तिने स्पष्टपणे नोंदविले. चारही पॉवरव्हीआर घराण्यातल्या.

उलट, आपल्या घरच्या चिपची तांत्रिक माहितीपुस्तके इंटेलने २००८ पासून सर्वांसाठी खुली केली होती. त्यामुळे एचडी ३००० ला इंटेलने विंडोज १० साठी अधिकृत पाठिंबा दिला नसतानाही, लिनक्सच्या मुक्त ड्रायव्हरांमध्ये तिची काळजी आजही घेतली जाते. मेसा नावाच्या मुक्त प्रकल्पात २०२१ मध्ये ‘क्रोकस’ हा ड्रायव्हर दाखल झाला, तो मुख्यतः अशाच जुन्या इंटेल चिपसाठी आहे. चिप बाजारात येऊन दहा वर्षे लोटल्यावर तिच्यासाठी नवा ड्रायव्हर लिहिला जावा, ही व्यापारी जगात विरळाच घटना म्हणावी लागेल. जुना लॅपटॉप तोलताना चिप किती वेगवान होती यापेक्षा तिच्या भाषेचे व्याकरण कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो तो असा.

चिपची ओळख

आपल्या यंत्रात कोणती चिप आहे हे विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ या शीर्षकाखाली दिसते. तेथे नाव दिसण्याऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे लिहिलेले असेल किंवा पिवळे उद्गारचिन्ह असेल, तर त्या ओळीवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जावे, ‘डिटेल्स’ निवडावे आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ उघडावे. ‘व्ही-ई-एन’ या तीन अक्षरांनंतर येणारी चार चिन्हे म्हणजे निर्मात्याचा क्रमांक. ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १००२ असेल तर एएमडीची (पूर्वीची एटीआय, एएमडीने ती कंपनी २००६ मध्ये विकत घेतली), आणि १०डीई असेल तर एनव्हिडियाची. इंटेलचा क्रमांक पाहून जुन्या पिढीतील संगणकप्रेमींना हसू येईल, कारण १९७८ मध्ये आलेल्या तिच्या सुप्रसिद्ध प्रोसेसरचेही नाव ८०८६ हेच होते. पुढे ‘डी-ई-व्ही’नंतर येणारी चार चिन्हे त्या विशिष्ट चिपची. विकणाऱ्याने काहीही सांगितले, वरचे नाव पुसले गेले, तरी ही आठ चिन्हे खोटे बोलत नाहीत.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्याला या आठ चिन्हांचा विशेष उपयोग आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड अथवा चेन्नईची रिची स्ट्रीट, वापरलेले लॅपटॉप सर्वत्र मिळतात आणि ‘दोन जीबी ग्राफिक्स कार्ड’ असे सांगून त्यांची किंमत वाढविली जाते. नावावरून पिढी कळतेच असे नाही. एनव्हिडियाच्या जीटी ६३०एम आणि जीटी ६५०एम या दोन चिप एकाच मालिकेतील वाटतात. प्रत्यक्षात पहिली फर्मी या जुन्या पिढीची आहे आणि दुसरी केप्लर या त्यानंतरच्या पिढीची. फर्मीसाठी नवे ड्रायव्हर काढणे एनव्हिडियाने २०१८ मध्ये थांबविले, लॅपटॉपमधील केप्लरसाठी २०१९ मध्ये. मॅक्सवेल आणि पास्कल या पुढील पिढ्यांचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत, आणि केवळ सुरक्षेपुरती अद्यतने ऑक्टोबर २०२८ पर्यंत, असे कंपनीने जाहीर केले. एएमडीने रेडिऑन एचडी २००० ते ४००० या मालिका २०१२ मध्ये, ५००० व ६००० या मालिका २०१५ मध्ये आणि त्यानंतरच्या बऱ्याच मालिका जून २०२१ मध्ये जुन्यांच्या वर्गात टाकल्या. इंटेलने सहाव्या ते दहाव्या पिढीच्या प्रोसेसरांतील ग्राफिक्सबाबत जुलै २०२२ मध्ये हेच पाऊल उचलले. त्यांना आता नव्या खेळांसाठी सुधारणा मिळत नाहीत, गंभीर दोषांपुरतीच दुरुस्ती मिळते.

या तारखांनी घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. पाठिंबा थांबणे म्हणजे चिप बंद पडणे नव्हे. कंपनीचा शेवटचा ड्रायव्हर यंत्रात असेल तर तो पूर्वीप्रमाणेच काम करीत राहतो. नव्या खेळांची हौस नसलेल्या माणसाला फरक जाणवतही नाही.

विंडोज ११ च्या बाबतीतही हाच गैरसमज आढळतो. त्याची ग्राफिक्सविषयक अट डायरेक्टएक्स १२ आणि व्हिस्टात आरंभ झालेल्या ड्रायव्हर-रचनेची दुसरी आवृत्ती, एवढीच आहे. ती पुरी करणाऱ्या कित्येक लॅपटॉपांनाही विंडोज ११ नाकारले जाते ते टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसल्यामुळे किंवा प्रोसेसर मान्य यादीत नसल्यामुळे. इंटेलच्या बाबतीत ती यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. अशा वेळी नवे ग्राफिक्स शोधणे व्यर्थ आहे. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने सुरक्षा-अद्यतनांची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली, तीही नोंदणी करणाऱ्यांनाच.

ड्रायव्हर आणावा कोठून?

जुन्या लॅपटॉपचा ड्रायव्हर शोधताना पहिले दार लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीचे ठोठवावे, चिप बनविणाऱ्या कंपनीचे नव्हे. डेस्कटॉपच्या बाबतीत सल्ला याच्या उलट देतात, म्हणून येथे चूक होते. लॅपटॉपचा निर्माता पडदा, उजेडाचे नियंत्रण, बॅटरीची बचत यांनुसार ड्रायव्हरमध्ये बदल करून घेत असे. मूळ ड्रायव्हर बसवू गेल्यास ‘आपल्या निर्मात्याशी संपर्क साधा’ असे सांगून तो नकार देई. इंटेलने हे बंधन २०२० मध्ये नव्या पिढ्यांपुरते सैल केले. २०१० ते २०१३ या काळातील दोन चिप असलेल्या लॅपटॉपांत तर निर्मात्याच्या ड्रायव्हरला पर्याय नाही असे समजावे. त्या यंत्रांत साध्या कामासाठी इंटेलची चिप आणि जड कामासाठी एनव्हिडिया वा एएमडीची चिप अशी अदलाबदल होत असते; ती कशी करावयाची हे निर्मात्यानुसार निराळे असल्याने भलताच ड्रायव्हर बसविला की पडदा काळा होतो. यंत्राच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक यासाठी हाती असावा. तेथे काही मिळाले नाही तर ‘विंडोज अपडेट’ला शोधू द्यावे, आणि त्यानंतरच चिपच्या कंपनीकडे जावे. नव्या ड्रायव्हरने बिघाड झाल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ ही कळ आधीचा ड्रायव्हर परत आणते. काळा पडदा आलाच तर सेफ मोडमध्ये यंत्र सुरू करून ती वापरता येते.

या तीन दारांपलीकडे जाऊ नये. बँकेच्या ग्राहकाने हे विशेष काळजीने ध्यानात ठेवावे. ड्रायव्हर हा साध्या आज्ञावलीसारखा नसतो. त्याचा एक भाग ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, सर्वोच्च अधिकाराने चालतो. अँटिव्हायरस ज्या पातळीवर पहारा करतो तेथपर्यंत त्याचा हात पोचतो. यासाठीच व्हिस्टापासून ६४ बिटांच्या विंडोजमध्ये गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर अधिकृत डिजिटल स्वाक्षरी असणे बंधनकारक झाले. ही तटबंदीही अभेद्य नाही. २०२२ च्या आरंभी लॅप्सस नावाच्या टोळीने एनव्हिडियाची जी गुप्त माहिती चोरली, तीत ड्रायव्हरवर स्वाक्षरी करण्याची दोन प्रमाणपत्रे होती. त्यांची मुदत संपलेली होती, तरीही विंडोज ती ड्रायव्हरसाठी स्वीकारत असे. लवकरच त्या स्वाक्षऱ्या असलेल्या घातक आज्ञावल्या सापडू लागल्या. अशा स्थितीत ‘आपल्या संगणकातील २७ ड्रायव्हर कालबाह्य आहेत, येथे टिचकी मारा’ अशी जाहिरात पाहून अनोळखी आज्ञावली उतरविणे म्हणजे तिजोरीची किल्ली रस्त्यावरच्या माणसाकडे झिलईसाठी देण्यासारखे आहे. ज्याच्या मदतीने पासवर्ड टंकलिखित होतो त्या यंत्राचा गाभाच परक्याच्या हाती जातो.

हाच उपद्रव दूरध्वनीवरूनही होतो. ‘तुमचा ड्रायव्हर खराब झाला आहे, दुरून दुरुस्त करून देतो’ असे सांगून पडद्याचा ताबा घेणारे अ‍ॅप बसवावयास लावले जाते. एनीडेस्क या अ‍ॅपच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. अ‍ॅप स्वतः वैध आहे, मागणारा माणूस खोटा असतो. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या शाखेत तत्काळ कळवावे. येथे मिनिटांना मोल आहे.

विंडोजपलीकडचा मार्ग

विंडोजची मुदत संपलेल्या पण धडधाकट यंत्रासाठी लिनक्सचा मार्ग खुला आहे. लिनक्समध्ये इंटेलचे व एएमडीचे ग्राफिक्स ड्रायव्हर प्रणालीतच समाविष्ट असतात, वेगळे शोधावे लागत नाहीत. त्यांच्या मुळाशी मेसा प्रकल्प आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये निघाली. याही जगात निवृत्ती आहेच. २०२२ मध्ये मेसाने अतिजुन्या चिपचे काही ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढून ‘अंबर’ या स्वतंत्र शाखेत ठेवले. पण एकंदरीत येथील निवृत्तीचे वय बरेच वरचे आहे. एनव्हिडियाच्या जुन्या चिपची गोष्ट तितकी सुखाची नाही. कंपनीने माहिती खुली न केल्यामुळे स्वयंसेवकांनी चिपचे वर्तन पाहून उलट्या दिशेने ‘नूवो’ हा ड्रायव्हर रचला. तो चित्र नीट दाखवितो, मात्र अनेक जुन्या चिप त्याच्या हाताखाली संथ गतीनेच चालतात. म्हणून दोन चिप असलेल्या जुन्या लॅपटॉपात लिनक्स वापरावयाचे झाल्यास बायोसमध्ये सोय असेल तर एनव्हिडियाची चिप बंद करून इंटेलच्या चिपवर काम चालवावे. बॅटरीही अधिक टिकते.

लिनक्स मिंट २२ ही सुटसुटीत प्रणाली एप्रिल २०२९ पर्यंत अद्यतने मिळण्याच्या बोलीवर निघाली. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली बॉस ही भारतीय प्रणालीही आहे, तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. प्रोसेसर ३२ बिटांचा असेल तर मात्र वाटा आक्रसत चालल्या आहेत. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय काढून घेतली. यूएसबी पेनवरून लिनक्स चालवून पाहता येते, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. पडदा, ध्वनी, वाय-फाय, झोपेतून जागे होणे, प्रोजेक्टर या पाच गोष्टी तशाच तपासून मग निर्णय घ्यावा. नेट बँकिंग ब्राउझरमधून चालते. ज्यांचा व्यवसाय टॅलीवर अवलंबून आहे किंवा ज्यांना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन नित्य वापरावे लागते, त्यांनी मात्र घाई करू नये. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, आणि टोकनाच्या पुरवठादाराकडे आधी चौकशी केलेली बरी.

जुन्या लॅपटॉपवर यूट्यूब अडखळते ही तक्रार कोणत्याही प्रणालीत उरते. तिचे कारण ड्रायव्हर नसून चिपचे वय आहे. चित्रफीत ज्या पद्धतीने दाबून पाठविली जाते ती पद्धत चिपला ठाऊक असावी लागते. २००८ मधील इंटेल जीएमए ४५००एमएचडीला एच.२६४ ही पद्धत कळते. यूट्यूब मात्र शक्य तेथे व्हीपी९ किंवा एव्ही१ वापरते, आणि व्हीपी९ इंटेलच्या चिपना नीट अवगत झाली ती सहाव्या-सातव्या पिढीत. ब्राउझरला यूट्यूबकडून एच.२६४ च मागावयास लावणारी छोटी विस्तारके मिळतात. चित्राची प्रत ४८० वर आणली तरी बहुतेकांचे काम भागते.

चिप खरोखरच गेली तर

लॅपटॉपमधील चिप मदरबोर्डला कायमची जोडलेली असते, त्यामुळे ती बदलणे डेस्कटॉपइतके सोपे नाही. तिचा मुख्य शत्रू उष्णता. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने कबूल केले की, लॅपटॉपांतील तिच्या काही चिपच्या बांधणीत सदोष साहित्य वापरले गेले होते; दुरुस्तीपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद तिने केली. तापणे-थंड होणे या चक्रात चिपखालचे सूक्ष्म जोड तडकत असत. २०११ च्या काही मॅकबुक प्रो यंत्रांतील एएमडीच्या चिपबाबतही असेच प्रकार घडले आणि ॲपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढली. अशी चिप गरम हवेने ‘शेकून’ जिवंत करण्याचा उपाय बाजारात सुचविला जातो. तो काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. त्यासाठी हजारो रुपये मोजणे शहाणपणाचे नाही. दोन चिप असलेल्या काही यंत्रांत बिघडलेली स्वतंत्र चिप बंद ठेवून इंटेलच्या चिपवर काम भागविता येते. दोष उद्भवण्यापूर्वीचा उपाय फार स्वस्त आहे : दोन-तीन वर्षांनी एकदा पंख्यातील धूळ काढून प्रोसेसर व चिपवरील उष्णतावाहक लेप नवा लावून घेणे, आणि लॅपटॉप गादीवर वा उशीवर ठेवून न वापरणे.

दुरुस्ती परवडत नाही असे ठरले तर यंत्र भंगारवाल्याला देण्याऐवजी नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी निर्मात्यांवरही त्याची जबाबदारी टाकली आहे, म्हणून कंपनीच्या सेवा केंद्रात चौकशी करता येते. चिप निकामी झाली तरी हार्ड डिस्क शाबूत असते, आणि तिच्यात जतन केलेले पासवर्ड, पॅन कार्डाच्या प्रती, खात्याचे उतारे जसेच्या तसे असतात. पडदा काळा असल्यामुळे मालकाला ते दिसत नाहीत एवढेच. यंत्र हातावेगळे करण्यापूर्वी तळाचे दोन-चार स्क्रू उघडून डिस्क काढून घ्यावी. दोन-तीनशे रुपयांच्या बाह्य खोक्यात बसविली की तीच पुढे घरच्या छायाचित्रांची प्रत ठेवण्याच्या कामी येते.